१९२१ साली मुंबईत हजारी ६६६ बाळं दगावली आणि आमच्या गावच्या वहीत जेमतेम ९०, मग गाव एवढं निरोगी होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय की पणजोबांची नोंद शोधताना रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या गावाच्या जुन्या जन्म-मृत्यू वहीची, म्हणजे ज्याला आज आपण गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक म्हणतो तिची, १९१९ ते १९२५ ची पानं हाती लागली. त्यातले जन्म मोजले, वर्षाच्या आतले मृत्यू मोजले, तर हजार जन्मांमागे साधारण ९० मृत्यू निघाले. आणि दुसरीकडे वाचलं की १९२१ मध्ये मुंबई शहरात हाच दर ६६६ होता. तर गाव खरंच एवढं चांगलं होतं का, की मुंबईचा आकडा खोटा आहे.

मी बत्तीस वर्षं आरोग्य खात्यात जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचं काम केलं, रिटायर झाल्यावर मोडी शिकले आणि आता लोकांना अशा वह्या वाचून देते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे. आधी सरळ उत्तर देते. मुंबईचा ६६६ हा आकडा कोणी मनाने रचलेला नाही, म्युनिसिपालिटीच्या आरोग्य खात्याने नोंदवलेल्या मृत्यूंना नोंदवलेल्या जन्मांनी भागून काढलेला आहे. तुमचा ९० पण वहीप्रमाणे बरोबरच असेल. पण हे दोन्ही आकडे एकाच दुखण्याचे दोन तुकडे आहेत, आणि ते दुखणं म्हणजे बाळ जन्मलं एका वहीत आणि गेलं दुसऱ्या वहीत.

हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. १९२१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ११,७५,९१४ होती आणि त्यातले साधारण ८४ टक्के लोक मुंबईबाहेर जन्मलेले. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सव्वादोन लाखांच्या वर. बायका किती, तर हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे गिरणगावातलं बिऱ्हाड म्हणजे एका खोलीत चार-पाच पुरुष, खानावळ, आणि ज्यांची बायको इथे होती तीसुद्धा दिवस भरत आले की माहेरी किंवा सासरच्या गावी जायची. बाळंतपण गावात, सुईण गावातली, जन्माची नोंद झाली तर गावच्या वहीत. मग तीन-चार महिन्यांनी बाळ घेऊन ती परत चाळीत, गिरणीत कामाला. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असायच्या, त्यामुळे उन्हाळ्यात गेलेली बाई बरेचदा नारळी पौर्णिमेनंतर, गणपतीनंतरच यायची. आणि ते बाळ चाळीत आजारी पडून गेलं की मृत्यूची नोंद मात्र मुंबईत, कारण जन्म लपवता येतो किंवा राहून जातो पण मयत स्मशानात नाहीतर दफनभूमीत न्यावंच लागतं आणि तिथे नोंद व्हायचीच.

म्हणजे भागाकारात वरचा आकडा पूर्ण, खालचा अर्धवट. एक पाटीवरचं उदाहरण देते, हे खरे आकडे नाहीत, फक्त हिशोब कळावा म्हणून. समजा शहरात वर्षभरात हजार तान्ही बाळं राहिली, त्यातली ५०० शहरात जन्मून शहरात नोंदली आणि ५०० गावाहून आली किंवा नोंदच झाली नाही. त्या हजारातली ३०० गेली. तर खरा दर हजारी ३००, पण म्युनिसिपालिटीच्या अहवालात छापला जाणार ३०० भागिले ५००, म्हणजे हजारी ६००. एकही आकडा खोटा न लिहिता दर दुप्पट झाला. आणि गावाकडे नेमकं उलटं होतं, जन्म गावच्या वहीत आला आणि मृत्यू कधी आलाच नाही, म्हणून गावाचा दर खाली.

माझ्या आजीचंच सांगते. ती लालबागला राहायची, गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिची पहिली मुलगी माहेरी झाली आणि पाच महिन्यांची असताना मुंबईत गेली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं पण कागद नव्हता. मी मोडी शिकल्यावर तिच्या माहेरच्या गावची वही बघायला मिळाली. पानाची कड वाळवीने खाल्लेली, शाई तपकिरी झालेली, आणि त्या ओळीत फक्त आईबापाचं नाव, जात, "मुलगी", आणि बापाच्या नावापुढे बारीक अक्षरात "हल्ली मुंबई". बाळाचं नाव नाही कारण बारशाआधीच नोंद घातलेली. त्या वहीच्या हिशोबात ती मुलगी आजही जिवंत आहे. मुंबईच्या हिशोबात ती कधी जन्मलीच नाही, फक्त मेली. मी तीस वर्षं दर काढत होते पण हा घोळ मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळला.

इंग्लंडात याला उपाय केलेला होता. तिथे १९११ पासून माणूस दवाखान्यात किंवा परगावी मेला तरी त्याचा मृत्यू त्याच्या नेहमीच्या राहत्या गावाच्या खात्यावर टाकायचे, त्यामुळे दोन महायुद्धांमधल्या काळात तिथल्या एखाद्या लहान शहराचा मृत्युदर बऱ्यापैकी विश्वासाने वाचता येतो. आपल्याकडे मुंबई आणि रत्नागिरी यांच्यात अशी देवाणघेवाण नव्हती. त्यामुळे १९२१ च्या इंग्लंडचा बालमृत्युदर ८३ आणि मुंबईचा ६६६ शेजारी शेजारी ठेवून "मुंबई आठपट वाईट" असं लिहिलेलं दिसलं की मला राहवत नाही. मुंबई वाईट होती, फारच वाईट होती, पण आठपट हे त्या भागाकारातून सिद्ध होत नाही.

आता याच वर्षाचे खोल्यांप्रमाणे काढलेले आकडे आहेत, ते तर अजून जास्त वेळा उगाळले जातात. एक खोली किंवा त्याहून कमी जागेत हजारी ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा जास्त खोल्यांत १३३. बघितल्याबरोबर अंगावर काटा येतो. १९२१ मध्ये मुंबईतली ६६ टक्के माणसं एकखोली बिऱ्हाडात राहत होती, १९३१ पर्यंत ते ७४ टक्के झालं, म्हणजे हा आकडा थोड्याथोडक्या लोकांचा नाही. पण हजारातली ८२८ बाळं वर्षाच्या आत जात असती तर त्या चाळींमध्ये पोरं दिसलीच नसती. विचार करा की गावी बाळंतपणाला कोण जायचं, चार खोल्यांच्या फ्लॅटवाली की एक खोलीवाली? एक खोलीवाली. दवाखान्यात बाळंत झाली तर जन्म कोणाच्या खात्यात, तर दवाखान्याच्या, खोलीच्या नाही. म्हणजे खालच्या आकड्याची गळती सगळ्यात जास्त एका खोलीतच. उतरंड खरी आहे, ८२८ आणि १३३ मधलं अंतर मात्र फुगलेलं आहे.

इथे काही लोक दुसऱ्या टोकाला जातात, की मग सगळं आकड्यांचाच खेळ होता. तसं अजिबात नाही. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, त्यात ९८ टक्के बाळांना अफू दिली जात होती असं आढळलं. आपल्याकडे बाळगोळी म्हणायचे. आई दहा तास गिरणीत, बाळ शेजारणीकडे नाहीतर म्हातारीकडे, ते रडू नये म्हणून गोळी. झोपलेलं बाळ दूध मागत नाही, मग वजन उतरतं, मग साधा सर्दी-खोकलाही पुरतो. याला जन्माची नोंद कुठे झाली याने काही फरक पडत नाही. कामगार पुढारी ना. म. जोशींनी १९२४ मध्ये दिल्लीच्या असेंब्लीत बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आणलं ते पडलं, पुढे मुंबई कौन्सिलात १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अशाच बिलाच्या बाजूने भाषण केलं आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. या माणसांनी फुगलेल्या आकड्यावर भांडण केलं असं कोणी म्हणत असेल तर त्यांनी खरा आकडा काढून बघावा, तोही भांडायला पुरेसा भयंकर होता.

तसंच दशकाच्या शेवटी मुंबईचा दर तीनशेच्या आसपास आला, तेव्हा "सात-आठ वर्षांत निम्म्याहून कमी" अशी पाठ थोपटली जाते. सुधारणा झालीच, बाल कल्याणाची केंद्रं निघाली, सुईणींवर लक्ष ठेवलं जाऊ लागलं. पण १९२६ मध्ये परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं, त्याच वर्षी केईएम सुरू झालं, आणि जी बाई आधी गावी गेली असती ती आता परळलाच बाळंत व्हायला लागली. तिचं बाळ आता मुंबईच्या जन्मात मोजलं गेलं. म्हणजे एकही बाळ जास्त वाचलं नसतं तरी दर खाली आला असता, आणि शिवाय बाळं वाचलीही. या दोन गोष्टी वेगळ्या करणं फार अवघड आहे आणि जो कोणी सहज करून दाखवतो त्याच्यावर मी पटकन विश्वास ठेवत नाही.

खोल्यांच्या विषयावर अजून एक, कारण हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इंग्लंडात स्टॉकटन-ऑन-टीज नावाचं गाव आहे, तिथे डॉ. मगॉनिगल हे आरोग्य अधिकारी होते. १९२७ मध्ये तिथल्या एका झोपडपट्टीतली १५२ कुटुंबं, ७१० माणसं, नव्या चांगल्या घरांच्या वसाहतीत हलवली. जवळच्या दुसऱ्या तशाच वस्तीतली माणसं तिथेच राहिली. मगॉनिगल यांनी वयाचा फरक काढून टाकून मृत्युदर काढले, नुसत्या बाळांचे नाही, सगळ्या माणसांचे. हलवलेल्यांचा आधीच्या पाच वर्षांचा दर हजारी २२.९१ होता, नव्या घरात पुढच्या पाच वर्षांत तो ३३.५५ झाला. मागे राहिलेल्यांचा २६.१० वरून २२.७८ वर उतरला. नव्या घरात संडास होता, उजेड होता, आणि भाडं जवळपास दुप्पट होतं. बेकारी होती, भाडं भरल्यावर खायला पैसे उरत नव्हते. त्यांनी घरोघरचं जेवणाचं बजेट मांडून हे दाखवलं. आपल्याकडे त्याच दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या आणि त्यातल्या कितीतरी खोल्या सुरुवातीची काही वर्षं रिकाम्या पडल्या होत्या कारण कामगाराला ते भाडं झेपत नव्हतं. म्हणून ८२८ आणि १३३ बघताना नुसत्या भिंती मोजू नका. चार खोल्यावाल्याकडे दूधही होतं आणि त्याच्या बायकोला बाळंतपणानंतर महिन्याभरात साच्यावर उभं राहावं लागत नव्हतं.

आता एकूण मृत्युदराचं, म्हणजे बाळांच्या नाही तर सगळ्या वयांच्या मृत्यूंच्या दराचं, थोडक्यात. तो लोकसंख्येने भागतात आणि लोकसंख्या दहा वर्षांतून एकदाच मोजली जायची. १९११ ला मुंबई ९,७९,४४५, १९२१ ला ११,७५,९१४, म्हणजे वीस टक्के वाढ. १९१९-२० चे मृत्यू १९११ च्या लोकसंख्येने भागलेले दिसले तर तो दर त्याच कारणाने वीस टक्क्यांपर्यंत फुगलेला असू शकतो. म्हणून जुन्या अहवालात दराच्या शेजारी "कोणती लोकसंख्या धरली" हे आधी बघा. दुसरीकडे मुंबई तरण्या पुरुषांचं शहर, म्हातारे गावी, आजारी पडलेला गडी पण बरेचदा गावी पाठवून द्यायचे. त्याने दर खाली येतो. दोन्ही ओढ्या उलट दिशेच्या.

आता तुमच्या वहीकडे येते. ती कशी भरली जायची हे डोळ्यासमोर आणा. कोणाच्या घरी काय झालं ही बातमी गावकामगाराने आणायची, वहीची जबाबदारी पोलीस पाटलाची, त्याला लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहायचं, आणि महिन्याचा गोषवारा तालुक्याला. कित्येक वह्यांत दहा-बारा नोंदी एकाच बसणीत लिहिलेल्या कळतात, शाई एक, बोरू एक, हात एक. मृत्यूच्या कारणाला ठरलेली खाती, पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा आणि इतर. पटकी आणि देवी गावाला ओळखता यायची, बाकी सगळं तापात. मी एक पान बघितलंय, वर पहिल्या ओळीत "ताप" आणि खाली सतरा ओळी नुसतं "कित्ता कित्ता कित्ता". त्यात हिवताप आला, न्यूमोनिया आला, विषमज्वर आला, बाळंतरोग आला. त्यामुळे "आमच्या गावात तापाने जास्त माणसं गेली" यावरून हिवतापाचं काही सिद्ध करायला जाऊ नका. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची माणसंसुद्धा तापातच लिहिलेली सापडतील. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले होते, गावात तीच लाट ओळखायची असेल तर कारणाचा रकाना सोडा, त्या वर्षाच्या आश्विन-कार्तिकातल्या ओळी मोजा आणि आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा.

वयाचंही असंच. आपल्याकडे "पहिलं लागलं", "तिसरं लागलं" असं वय सांगायची पद्धत. वहीत "वय १" लिहिलंय म्हणजे वर्ष पूर्ण झालं की पहिलं चालू आहे? लिहिणारा बदलला की पद्धत बदलते. तुम्ही ९० काढताना "वय १" वाले बाहेर ठेवले असतील तर ते आत धरून एकदा काढा, दोन आकडे येतील आणि खरं काय ते त्यांच्या मधे कुठेतरी.

मग वही किती पूर्ण आहे हे कसं ओळखायचं, तर मी तीन गोष्टी बघते. पहिली, जन्म पुरेसे आहेत का. त्या काळात हजार वस्तीला वर्षाला चाळीस-पंचेचाळीस जन्म धरायला हरकत नाही. गावाची १९२१ ची लोकसंख्या समजा ८०० असेल तर बत्तीस ते छत्तीस जन्म हवेत, वहीत अठराच असतील तर अर्धी वही कोरीच आहे असं समजा. फक्त कोकणातली गावं पुरुष मुंबईला गेल्यामुळे थोडी कमी दाखवतील, तेवढी सूट द्या. दुसरी, मुलगे आणि मुली. निसर्गात शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, वहीत १३०-१४० निघाले तर मुलींचे जन्म लिहिलेच नाहीत. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, वर्षाच्या आत गेलेल्यांत पहिल्या महिन्यात गेलेली किती. निदान तिसरा हिस्सा तरी हवा. सुईणीच्या हातातच गेलेलं, पाचवीच्या आत गेलेलं बाळ बरेचदा कुठेच लिहिलं जायचं नाही, ना जन्मात ना मृत्यूत, घरच्यांनी परसात पुरलं आणि विषय संपला. तुमच्या वहीत दोन-चार दिवसांची बाळं जवळजवळ नसतील तर तुमचा ९० हा फक्त जी बाळं महिनाभर जगली आणि ज्यांची नोंद झाली त्यांचा दर आहे. देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, जो व्हॅक्सिनेटर यायचा तो जन्माच्या यादीवरून मुलं शोधायचा आणि सुटलेल्या नोंदी पकडायचा, काही वह्यांत त्याची सही आणि वेगळ्या शाईतल्या वाढीव ओळी दिसतात. त्या दिसल्या तर सोडू नका, ते तुमच्या वहीचं ऑडिट आहे.

आणि एका गावाच्या एका वर्षाचा दर काढूच नका. तीस जन्मांत एक मृत्यू कमी-जास्त झाला की दर तेहेतीसने हलतो. सातही वर्षं एकत्र करा.

हीच गळती देशभर होती, म्हणून १९३७ चा ब्रिटिश हिंदुस्थानचा बालमृत्युदर १६२ असा सरकारने नेमलेल्या आरोग्यविषयक भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात आहे तोही कमीत कमी म्हणूनच वाचायचा. गावांची गळती एवढी मोठी की मुंबईचं फुगणं त्यात बुडून जातं.

तर आता पुढचं काम असं करा. जन्माच्या सगळ्या ओळी परत काढा आणि जिथे जिथे बापाच्या नावापुढे "मुंबई", "हल्ली मुंबई", "मु. मुंबई" असं काही असेल त्या वेगळ्या करा. माझ्या अनुभवात रत्नागिरीकडच्या वह्यांत अशा ओळी चांगल्याच सापडतात. ही बाळं गावच्या दरात धरायचीच नाहीत, कारण त्यांचं पुढे काय झालं ते या वहीला माहीत नाही. ती काढून उरलेल्या जन्मांवर आणि उरलेल्या मृत्यूंवर परत दर काढा. मग पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंचा हिस्सा बघा. तुमचा ९० तिथेच वर सरकेल, किती ते वहीच सांगेल. त्या वेगळ्या काढलेल्या ओळींतलं एखादं नाव तुमच्या घराण्यातलं असेल, तर मुंबई म्युनिसिपालिटीच्या त्या वॉर्डाच्या मृत्यू नोंदवहीत पुढच्या दीड वर्षाची पानं बघा, बाळाच्या नावाने नाही, बापाच्या नावाने शोधा. मला माझ्या आजीची मुलगी तशीच सापडली. कारणाच्या रकान्यात "अशक्तता" होतं.